पेलाभर उकडलेला गहू

गोर्नो लोझे
मंगळवार, ५ मार्च २०१९

रुस्का,

मी बरी आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण शनिवारी पाहिलं. कंबर ताठ आहे, चाल चांगली आहे. मला बघून ज्या वेगाने वळलीस, त्या वेगाने आमच्या गावात आता कुत्रीसुद्धा पळत नाहीत.

अक्षर लागेल तसं लाव. माझी शाळा चौथीत संपली. पाचवीत जायचं तेव्हा तू पाळण्यात होतीस आणि आई तंबाखूच्या शेतावर, म्हणून तुला मांडीवर घेऊन मी घरी बसले. तुला ते आठवणार नाही. मांडीवर बसणाऱ्याला आठवत नसतं, मांडीला आठवतं.

इकडची खबर अशी की हिवाळा कोरडा गेला. कोंबड्यांतल्या दोन कोल्ह्याने नेल्या. आपल्या आळीत धूर निघणारी चारच घरं उरली आहेत, त्यातल्या एकात मी. आईच्या थडग्यावरचा क्रॉस कुजला होता, तो मागच्या वर्षी नवा बसवला. तुला कळवलं नाही. कळवून तू काय करणार होतीस?

आता मी हिसार्यात कशी उगवले ते सांगते, म्हणजे मी तुझं दार शोधत आले असं तुला वाटायला नको.

पेयोची मुलगी रालित्सा, ती घेऊन गेली. पेयो म्हणजे माझा मुलगा, विसरली असशील तर. तो जर्मनीत ट्रक चालवतो. पोरगी बुर्गासला दातांच्या दवाखान्यात आहे आणि अधूनमधून तिला आजीची आठवण येते. सुट्ट्या जोडून आली नि म्हणाली, "आजी, चल, तुला प्लोवदिव दाखवते."

"शनिवारी मृतांचा मोठा शनिवार आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी माणूस कबरस्तानात जातं, फिरायला जात नाही."

"मेलेले कुठे पळून जात नाहीत गं. हॉटेल मात्र बुक झालंय."

शुक्रवारी पहाटे गहू उकडला, साखर घालून शेजारणीच्या हवाली केला, आणि आई-बापाच्या थडग्यावर त्यांच्या नावाने लोकांना वाट म्हणून बजावून गाडीत बसले. रालीने माझ्या मनगटाला एक मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा बांधला. या वयात. बकरीला बांधतात तसा.

प्लोवदिव मी आधी एकदाच पाहिलं होतं, कोऑपरेटिव्हच्या ट्रकमधून, तंबाखूच्या गासड्यांवर बसून. तेव्हा नुसती गोदामं दिसली. आता म्हणे ते शहर यंदा संस्कृतीची राजधानी म्हणून साऱ्या युरोपात मिरवतंय. जिकडे बघावं तिकडे फलक, आणि जिकडे बघावं तिकडे माणसं कॉफी घेऊन बसलेली. भर शुक्रवारी. तिथे कामाला कोण जातं ते मला दिवसभरात कळलं नाही. जुन्या भागात सगळा चढ आणि पायाखाली गोटे, एकेक डोक्याएवढा. घरं मात्र रंगवलेली, वरचा मजला पुढे झुकलेला, समोरासमोरची दोन घरं गल्लीवरून एकमेकींच्या कानाला लागलेल्या बायकांसारखी. मग रोमन लोकांचं थिएटर. संगमरवराच्या पायऱ्या.

"आजी, दोन हजार वर्षांपूर्वी इथे लोक खेळ बघायला बसायचे."

"पाठ टेकायला काही नाही. म्हणूनच गेले असतील."

"गेले नाहीत गं, संपले."

"तेच ते."

राली हसली. मग तिने दाखवलं की पायऱ्यांवर नावं कोरलेली आहेत, कोणत्या घराण्याने, कोणत्या आळीने कुठे बसायचं त्याची. ते मात्र मला पटलं. ज्याची त्याची जागा दगडात कोरलेली असली म्हणजे दुसरं कुणी येऊन बसत नाही.

हे तुला उद्देशून लिहिलं नाही. बरं, लिहिलं.

शनिवारी सकाळी गाडीत बसलो. कुठे विचारलं तर म्हणे, "तुझ्या गुडघ्यांसाठी." मी पाट्या वाचत होते. मी अक्षर अक्षर जुळवून वाचते, ठाऊक आहे तुला. हि-सा-र्या जुळेपर्यंत गाडी वेशीतून आत शिरली होती.

"फिरव गाडी."

"का? गरम पाण्याचा हौद आहे हॉटेलात. डॉक्टर म्हणाले ना?"

"फिरव म्हणते ना!"

"आजी, पंचेचाळीस वर्षं झाली. आजोबापण गेले. आता भांडायचं कुणाशी?"

म्हणजे तिला माहीत होतं. तुझ्याशी तिचं संगनमत नव्हतं, एवढं मी नंतर तिच्याकडून देवाच्या तसबिरीसमोर उभं करून वदवून घेतलं. तिला फक्त वाटलं की जुनं झालं म्हणजे संपलं. तरुण माणसांना असं वाटतं. त्यांना भग्न भिंती बघायला आवडतात, कारण त्या त्यांच्या अंगावर पडलेल्या नसतात.

तुला आठवत असेल तसं आठव, मला आठवतं ते मी लिहिते. मिंचो तुमच्या त्या गावी आरोग्यधाम बांधायला गेला. गवंड्यांची टोळी होती, थंडी सुरू झाली होती, आणि तो स्वेटर विसरून गेला होता. पेयो आठ वर्षांचा, मला तंबाखूच्या कोठारातून सुटका नव्हती. तू रिकामी होतीस. मीच तुला धाडलं. स्वेटर, लोणच्याच्या दोन बरण्या आणि मिरच्या. म्हटलं, दोन दिवस राहा, गरम पाण्यात पाय घाल, ये. बरण्यासुद्धा परत आल्या नाहीत.

मला माणसं विचारायची, नवरा कुठे? हिसार्याला. बहीण कुठे? हिसार्याला. मग लोक विचारेनासे झाले. पुढे कागद आला, मी अंगठा न देता सही केली, कारण सही तेवढी मला येते. तुम्ही कचेरीत जाऊन नवरा-बायको झालात. मी कोण झाले ते कुठल्या कागदावर नव्हतं. आणि ऑक्टोबरात तो मेला तेव्हा काळं घालायचा हक्कसुद्धा तुझाच निघाला. मी माझा तपकिरी गाऊन घालून चुलीला लाकडं घातली.

पेयोने फोनवर सांगितलं होतं, "आई, वडील गेले."

मी म्हटलं, "कुणाचे?"

दुसऱ्या दिवशी दुकानात बातमी माझ्या आधी पोचली होती. एकेकीने म्हटलं, "देव क्षमा करो त्याला." मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझी पाळी होती. मी दुकानवालीला म्हटलं, "अर्धा किलो मीठ."

आई काय सांगायची ते तू विसरलेली नाहीस, हे मला शनिवारी कळलं. आई सांगायची, मेलेल्यासाठी सगळ्या गावाने म्हटलं तरी ज्याचं त्याने वाकडं केलं त्याच्या तोंडून ते आल्याशिवाय माती हलकी होत नाही. छातीवर तशीच बसून राहते. रुस्का, त्या माणसाकडून मला दुसरं काही मिळालं नाही. अर्धवट कुंपण आणि एक मुलगा. पण ते तीन शब्द माझ्याजवळ होते. पंचेचाळीस वर्षांत माझ्या मालकीचं म्हणावं असं एवढंच जमलं होतं. ते मी कुणाला देणार नव्हते.

आणि तू ते पेला-चमच्यात काढून नेलेस.

आता झऱ्यावरचं.

राली गाडी लावून कॉफी आणायला गेली. मी भिंतीच्या कडेला, नळांजवळच्या बाकावर. हवा गार, नळाच्या पाण्याची वाफ. रांगेत माणसं कॅन घेऊन. कोण म्हणतं हा नळ मुतखड्याला, तो पित्ताला, तो डोळ्याला. एक म्हातारा पुढे दहा कॅन मांडून बसला होता, हलेना. मागची बाई म्हणाली, "काका, किडन्या किती आहेत तुम्हाला?"

"दोन माझ्या, दोन बायकोच्या," तो म्हणाला, "बाकीच्या शेजाऱ्यांच्या."

"मग शेजाऱ्यांना म्हणावं, मुतायला तरी स्वतः जा!"

मला हसू आलं. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे. त्या बाकावर बसून मी हसत होते, तेवढ्यात समोर ताट आलं. त्यात कागदी पेले, पेल्यांत गहू, वर साखरेचा पांढरा थर, प्रत्येकात एक चमचा खोचलेला.

"घ्या आजी, मृतांसाठी."

मृतांच्या शनिवारी हात मागे घेत नाहीत. मी दोन्ही हातांनी घेतला, "देव क्षमा करो" म्हटलं, आणि चमचा तोंडात घातला.

कोणासाठी, ते विचारायचं राहिलं. जन्मभर मी आधी नाव विचारते, मग तोंड उघडते. आपल्या गावात अशी दोन-तीन नावं आहेत की ज्यांचा पेला मी घेतच नाही. पण त्या दिवशी हात गारठले होते, पोटात काही नव्हतं, स्वतःच्या मेलेल्यांना शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्याचं मनाला लागून राहिलं होतं. सवयीने बोलून गेले. शिंक येते तसं.

पहिल्या घासालाच मला कळायला हवं होतं. गहू आणि साखर यांच्या मध्ये भाजलेलं पीठ, साखर ओली होऊ नये म्हणून. अक्रोड कुटलेले नाहीत, हाताने मोडलेले. लिंबाची साल. असा गहू आपली आई करायची. मी म्हटलं, असेल, या भागातही असा करत असतील. जीभ सांगत होती आणि मी तिचंच ऐकलं नाही.

ताटवाली बाई हलेना. चाळिशी उलटलेली, काळं जाकीट, गोड बोलणारी.

"चांगला झालाय ना? आईने केलाय. माझा दर वेळी चिकट होतो."

"पीठ भाजायला उभं राहावं लागतं. बसून होत नाही."

"अगदी हेच म्हणते आई!" ती हसली, आणि हसताना तिची डावी भुवई वर गेली. उजवी जागच्या जागी.

रुस्का, तुला सांगायला नको ती भुवई कुणाची.

मी विचारलं, "कोणासाठी आहे हा?"

"वडिलांसाठी. ऑक्टोबरात गेले. मिंचो नाव. गवंडी होते." आणि हात करून तिने माझ्या पाठीमागची भिंत दाखवली. "ही दिसते ना? खालचं रोमन लोकांचं, वरचं आमच्या बाबांचं. दुरुस्तीला होते ते कित्येक वर्षं."

मी वळून बघितलं. खालचा चुना दगडाहून कडक. वरचा जागोजाग सुटलाय, बोट लावलं तर भुरभुर पडेल. चुना नेहमी पातळच कालवायचा. आमच्या कुंपणाचंही तेच झालं. मला बरं वाटलं. हेही खरं आहे, लिहून टाकते.

"नाव काय तुझं, बाळ?"

"गेर्गाना."

म्हणजे आईचं नाव. मला मुलगी झाली असती तर मी ठेवणार होते. मी तेव्हा कोठारात एवढ्या मोठ्याने बोलून दाखवलं होतं की तुझ्यासह सगळ्यांना माहीत होतं. तेही तूच उचललंस.

"तुम्ही बाबांना ओळखत होता?"

"ऐकून."

ती माझ्या शेजारी टेकली. लोकांना काय, झऱ्यावर बसलं की पोटातलं बाहेर येतं, पाण्याचाच गुण असेल. म्हणाली, "आई आज सकाळपासून कशी तरीच करतेय. आम्ही कबरस्तानात निघालो होतो, तर वेशीपाशी थांबली. म्हणाली, पहिला पेला त्या हिरव्या शालवाल्या आजींना दे. आणि त्या म्हणेपर्यंत तिथून हलू नकोस."

"काय म्हणेपर्यंत?"

"देव क्षमा करो, दुसरं काय! मी म्हटलं, आई, सगळेच म्हणतात. तर म्हणे, हिचं नीट ऐक. कानाने ऐक आणि मला येऊन सांग."

माझ्या हातातला पेला अर्धा होता.

"एवढं काय आहे गं त्यात?" मी विचारलं.

"बाबांची पहिली बायको होती म्हणे, दूर कुठल्या खेड्यात. तिने कधी माफ केलं नाही. तेव्हापासून आईला त्या शब्दांचं वेडच आहे."

"कशी होती ती बायको?"

"मी कुठे पाहिलीय! बाबा म्हणायचे, बाई वाईट नव्हती, पण तिचं तोंड उघडलं की दूध नासायचं."

"आणि आई काय म्हणते?"

"आई तिच्याबद्दल बोलत नाही. मी विषय काढला की उठते आणि भांडी घासायला लागते. घासलेलीसुद्धा."

तेव्हा मला उमगलं. तिला माहीत नाही. एवढी वाढलेली बाई, तिच्या केसांत पांढरं आलंय, आणि तिला माहीत नाही की ती पहिली बायको तिच्या आईची सख्खी बहीण. तिला मावशी आहे, हेच तिला ठाऊक नाही. तू मला मेलेली म्हणूनसुद्धा सांगितलं नाहीस. मेलेल्या माणसासाठी निदान गहू तरी उकडतात.

"कुठे आहे तुझी आई?"

तिने हात केला. त्या मोडक्या वेशीला तुम्ही उंट म्हणता ना, कमान पडून दोन कुबडं उरली म्हणून? त्यांच्या मधोमध तू उभी होतीस, काळ्या रुमालात, हातात ताटावरचं फडकं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

तू मला बघितलंस. मी तुला बघितलं. मला वाटलं आता येशील. मग तू वळलीस.

गेर्गाना म्हणाली, "अगंबाई, निघाली पण! तुम्ही ओळखता का आईला?"

माझ्या जिभेवर होतं, रुस्का. एवढंसं होतं. 'तुझ्या आईला पहिल्यांदा चालायला मी शिकवलं' एवढं म्हटलं असतं तरी तुझं घर वरपासून खालपर्यंत भेगाळलं असतं, मिंचोच्या चुन्यासारखं. मी म्हटलं, "नाही. लांबून कुणीतरी वाटलं."

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं नाही. त्या पोरीवर दया म्हणूनही नाही. तुझं काम मी का करायचं? लहानपणी तुझ्या वाटणीचं पाणीही मीच भरायचे. पुरे झालं.

राली कॉफी घेऊन आली तेव्हा गेर्गाना ताट घेऊन पुढच्या बाकावर गेली होती. माझा चेहरा बघून पोरगी घाबरली. "आजी, काय झालं? कुणी काही बोललं?"

"मी बोलले," मी म्हटलं.

त्या गरम पाण्याच्या हौदात मी पाय घातला नाही. खोलीच्या दाराला आतून कडी लावून बसले. रालीने दारापलीकडून समजावलं, मग चिडली, मग रडली. रविवारी सकाळी निघालो. वाटेत ती म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हटलं, "गाडी नीट चालव."

काल गावातल्या पाद्रीबाबांना गाठलं. म्हटलं, शब्द परत घ्यायचाय. कोणता? मी सांगितलं. फसवून घेतला, नाव न सांगता घेतला, तेव्हा तो धरू नये.

पाद्री तरुण आहे, दाढी अजून नीट आलेली नाही. म्हणाला, "वेलिका आजी, तुम्ही क्षमा केली नाहीत. तुम्ही देवाला म्हटलंत, तू क्षमा कर. आता ते देवाकडे गेलं. दुकानातला माल आहे का परत करायला?"

"दुकानवाली तरी विचारते, काय खराब निघालं म्हणून."

"काय खराब निघालं?"

"देणारी."

तो हसू दाबत होता. मग मला विचारलं त्याने. म्हणाला, "नाव कळल्यावर पेल्याचं काय केलंत?"

दाढी नसली तरी मूर्ख नाही तो.

इथे मी लिहिणार होते की उरलेला गहू कबुतरांना टाकला. पाद्र्याला तसंच सांगितलं. रालीलाही तसंच सांगितलं. पण तिथे कबुतरं नव्हती, आणि तू जायला वळलीस ती पुरती गेली नाहीस. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत मला तुझा काळा रुमाल दिसत होता. तू बघितलंस. मग तुझ्यापाशी खोटं कशाला?

खाल्ला. सगळा. नाव कळल्यावर, भुवई ओळखल्यावर, तू उभी आहेस हे बघितल्यावर. तळाला लागलेलं पीठसुद्धा चमच्याने खरवडून. आणि शेवटच्या घासाला पुन्हा म्हटलं. मोठ्याने नाही. पण या खेपेला नाव घेऊन.

याचा भलताच अर्थ काढू नकोस. मृतांचा घास टाकत नाहीत. शिवाय भूक होती. शिवाय गहू आईच्या हातचा लागत होता, आणि तो मला पुन्हा मिळायचा नाही, कारण मला स्वतःला तसा कधी जमला नाही. आणि मिंचोचं म्हणशील, तर तो आता मातीखाली आहे, त्याला उठून येता येत नाही, तोंड उघडता येत नाही, पातळ चुनाही कालवता येत नाही. अशा माणसाला अडवून ठेवण्यात मला गंमत उरली नव्हती. गेला तो. होऊ दे माती हलकी. तुला हवं होतं ते मिळालं, कानाने ऐकलेलंही आणि न ऐकलेलंही.

पण ते त्याचं. तू त्याच्या पेल्यात स्वतःचंही थोडं मिसळलं असशील, तर तेवढं मी चाळून बाजूला काढलंय.

या रविवारी क्षमेचा रविवार. उपवास लागायच्या आधी धाकटं माणूस थोरल्याच्या घरी जातं, हात धरतं, म्हणतं 'मला क्षमा कर', आणि थोरलं काय म्हणायचं ते म्हणतं. मेलेल्याला आपण क्षमा मागून देतो, कारण त्याला चालता येत नाही. जित्यांनी चालायचं असतं. तू उलटं केलंस. मेलेल्याच्या आडून, पोरीच्या हाती ताट देऊन, वेशीत उभी राहिलीस. दर वर्षी या रविवारी मी अंधार पडेपर्यंत बसून असते. पेयो लहान होता तेव्हा विचारायचा, "आई, कुणाची वाट बघतेस?" मी म्हणायचे, "कुणाची नाही, पाय दुखतायत."

हे पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. मी बोलावत नाही. रीत सांगते. तू रीत विसरलेली दिसतेस म्हणून.

येणार असशील तर दोन गोष्टी. एक, गहू आणू नकोस. दुसरी, एकटी येऊ नकोस. गेर्गानाला आण, आणि वाटेत तिला सगळं सांगून आण: मी कोण, तू कोण, स्वेटर कोणी धाडला होता. दारात येऊन सांगितलंस तर चालणार नाही. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे की तिला माहीत आहे. मग तू हात पुढे केलास तर मी काय म्हणेन ते मला आज माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाही. कदाचित तुला फाटकातच उभी ठेवीन आणि पोरीला आत घेईन. तेवढी जोखीम तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे पुष्कळ वर्षं होती.

आणि नाही आलीस, तर मी गेल्यावर माझ्या नावाने कुणाच्या हातात पेला देऊ नकोस. लोक सवयीने काहीही बोलून जातात.

थोरली,
मिंचोसाठी दोनदा बोललेली, तुझ्यासाठी अजून एकदाही न बोललेली,

वेलिका